नाम आणि स्थान : 'प्लॅन नाइन' या वितरित कार्यप्रणालीचा इतिहास

१. विषयप्रवेश

पुणे जिल्ह्यातील शिरूर हे गाव घोड नदीच्या काठी वसलेले आहे. शासनाच्या दप्तरी त्याचे नाव शिरूर असले, तरी परिसरातील लोकांच्या तोंडी ते 'घोडनदी' म्हणूनही रूढ आहे. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आणि लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ ही याच नावाची तालुक्याची गावे असल्यामुळे या दुसऱ्या नावाचा व्यवहारात उपयोगही होतो. भीमेच्या काठचे दौंड हे इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत 'धोंड' असा उच्चार सुचविणाऱ्या स्पेलिंगने येते. तर १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये तो सारा प्रदेश भीमथडी या तालुक्याच्या नावाखाली वर्णिलेला आहे. एकाच स्थानाला अनेक नावे आणि एकाच नावाची अनेक स्थाने ही स्थिती बोलणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली असते. न्हावऱ्याचा शेतकरी 'तालुक्याला जाऊन येतो' असे म्हणतो, तेव्हा तो शिरूरला जातो. पाटसचा शेतकरी तेच वाक्य उच्चारतो, तेव्हा तो दौंडला जातो. शब्द एकच आहे. त्याचा निर्देश मात्र बोलणाऱ्याच्या स्थानावरून ठरतो. ऐकणाऱ्याचा त्यामुळे कधी गोंधळ होत नाही.

हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकशास्त्रापुढे उभा राहिला. अनेक यंत्रे तारांनी जोडून त्यांच्याकडून एकाच यंत्रासारखे काम करून घ्यावयाचे, तर एका यंत्रावरील वस्तूला दुसऱ्या यंत्रावरून कोणत्या नावाने हाक मारावयाची? या प्रश्नाला जी उत्तरे मिळाली, त्यांपैकी भाषेच्या अभ्यासकाला सर्वांत जवळचे वाटावे असे उत्तर 'प्लॅन नाइन' या कार्यप्रणालीने दिले. ही प्रणाली बाजारात कधी रुजली नाही आणि आज ती मुख्यतः हौशी अभ्यासकांच्या आस्थेवर जगते. तथापि, मराठीचे प्रत्येक अक्षर आज ज्या पद्धतीने संगणकात साठविले जाते, त्या पद्धतीचा पहिला संपूर्ण प्रयोग याच प्रणालीत झाला. तिच्या इतिहासाचा परामर्श मराठीत घेणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

२. पूर्वपीठिका

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाची सामग्री आणि तिच्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामधील व्यवस्थापक. कोणत्या कार्यक्रमाला किती वेळ यंत्र द्यावयाचे, कोणती फाइल कोठे ठेवावयाची, कोणाला काय वाचू द्यावयाचे, हे तो ठरवितो. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' या कार्यप्रणालीचा आरंभ केला. यंत्रावरील फाइलींची एकाच मुळापासून फुटणारी वृक्षाकार रचना आणि बाह्य उपकरणांनाही शक्य तेथे फाइलीचे रूप देण्याची पद्धत, ही युनिक्सची लक्षणे होत. परंतु युनिक्सची घडण झाली, ती एक मोठे यंत्र आणि त्याला जोडलेली अनेक टर्मिनले या काळात. १९८० नंतर प्रत्येकाच्या मेजावर स्वतंत्र संगणक आला आणि त्या यंत्रांना जोडणारे जाळेही आले. तेव्हा युनिक्सला जाळ्याची जोड मागाहून लावावी लागली. आणि जुन्या वाड्याला पडव्या जोडीत जावे तशी तिची अवस्था झाली.

वितरित कार्यप्रणालींचा विचार या अडचणीतून पुढे आला. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत 'लोकस' आणि बर्कली शाखेत 'स्प्राइट' या प्रणाली तयार झाल्या. सर्व यंत्रांवरील फाइलींचा मिळून एकच सामाईक वृक्ष करावा आणि कोणती फाइल कोणत्या यंत्रावर आहे याची जाणीव वापरणाऱ्याला होऊच नये, असा त्यांचा प्रयत्न होता. हॉलंडमध्ये अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या 'अमीबा' या प्रणालीत प्रोसेसरांचा एक सामाईक साठा कल्पिलेला होता. आपला कार्यक्रम त्यांतील कोणत्या प्रोसेसरवर चालतो, हे वापरणाऱ्याला कळण्याचे कारण नसे. आज शाळकरी मुलेही जी 'पायथन' भाषा शिकतात, तिचे कर्ते खिदो व्हान रॉसम हे 'अमीबा'वर काम करीत असत, आणि त्या प्रणालीसाठी सोयीची भाषा हवी, ही गरज पायथनच्या जन्माला अंशतः कारण झाली. विस्मृतीत गेलेल्या प्रणालींचे अंश अशा रीतीने अनपेक्षित ठिकाणी टिकून राहतात.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे, तर या काळात पुण्यात एक वेगळा पण निकटचा उपक्रम चालू होता. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. 'ट्रान्सप्युटर' या जातीचे अनेक प्रोसेसर एकत्र जोडून तो घडविलेला होता. अनेक प्रोसेसरांनी एकाच गणिताचे तुकडे वाटून घेऊन ते जलद सोडवावे, हा समांतर गणनेचा हेतू असतो; वितरित कार्यप्रणालीचा हेतू निराळा. तिला वेगवेगळ्या ठिकाणची, वेगवेगळ्या गुणांची यंत्रे एकत्र नांदवावयाची असतात. दोहोंत हा भेद असला, तरी अनेक यंत्रांतून एक व्यवस्था निर्माण करण्याची दृष्टी दोहोंना समान आहे.

३. 'प्लॅन नाइन'ची नामव्यवस्था

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल प्रयोगशाळेच्या ज्या विभागात युनिक्स जन्मले, त्याच विभागात रॉब पाइक, केन थॉम्प्सन, डेव्ह प्रेसोटो आणि फिल विंटरबॉटम यांनी नव्या प्रणालीची उभारणी केली. एड वूड या दिग्दर्शकाच्या एका सुमार म्हणून प्रसिद्ध असलेल्या चित्रपटावरून तिला 'प्लॅन नाइन' हे गमतीचे नाव मिळाले. तिच्यात कामाची विभागणी स्पष्ट होती. फाइली सांभाळणारे यंत्र वेगळे, जड गणित करणारे यंत्र वेगळे आणि माणसासमोरचे टर्मिनल वेगळे. टर्मिनलावर स्वतःचे असे काही साठविलेले असण्याची गरज नव्हती. कोणत्याही टर्मिनलासमोर बसून आपली ओळख पटविली की आपली सर्व मांडणी तेथे अवतरे.

या रचनेला तीन तत्त्वांचा आधार होता. पहिले तत्त्व असे की, फाइली, पडदा, माउस, जाळे, चालू प्रक्रिया या सर्वांना फाइलींच्या वृक्षाचे रूप द्यावयाचे. दुसरे असे की, त्या वृक्षांशी होणारा सारा व्यवहार 'नाइन-पी' या एकाच संदेशभाषेतून करावयाचा. उघडणे, वाचणे, लिहिणे, मिटणे असे मोजकेच क्रियापद-प्रकार या भाषेत आहेत; वस्तू जवळच्या यंत्रावर असो वा दूरच्या, क्रियापदे तीच राहतात. तिसरे तत्त्व नामव्यवस्थेचे. 'लोकस' किंवा 'स्प्राइट'प्रमाणे साऱ्या जाळ्यासाठी एकच वृक्ष येथे नाही. प्रत्येक प्रक्रियेला स्वतःचा नामवृक्ष मिळतो आणि तो तिला हवा तसा रचता येतो. 'माउंट' या आज्ञेने दूरचा वृक्ष आपल्या वृक्षाला जोडता येतो. 'बाइंड' या आज्ञेने एका नावावर दुसरी वस्तू बसविता येते, किंवा दोन डिरेक्टऱ्यांचा संयोग करून त्या एकाच नावाखाली आणता येतात.

ही व्यवस्था 'तालुक्याला जाऊन येतो' या वाक्यासारखी आहे. 'माझा पडदा' या अर्थाचे नाव प्रत्येक प्रक्रियेत एकच असते. पण शिरूरच्या टर्मिनलावर चालणाऱ्या प्रक्रियेला ते शिरूरच्या पडद्याकडे नेईल आणि दौंडच्या प्रक्रियेला दौंडच्या. कार्यक्रम लिहिणाऱ्याला पडदा कोठे आहे याची चिंता उरत नाही. व्याकरणात दर्शक सर्वनामांचे जे कार्य, तेच येथे नामांकडून करून घेतलेले आहे. सामाईक वृक्षाचा पुरस्कार करणारांनी प्रत्येक वस्तूला विश्वात एकच नाव असावे असे मानले. 'प्लॅन नाइन'ने नावांचा अर्थ संदर्भाधीन ठेवला आणि नावे कशी वापरावयाची याविषयीचे संकेत मात्र सर्वत्र समान ठेवले. भाषा याच पद्धतीने चालते, हे ध्यानी घेतले असता या निवडीचे बळ कळून येते.

४. युटीएफ-८ आणि देवनागरी

यंत्रे एकमेकांशी नावांनी बोलू लागली, की ती नावे कोणत्या लिपिसंकेतात लिहावयाची हा प्रश्न टाळता येत नाही. सोळा बिटांचा संकेत सरळ वापरला, तर दोन बाइटांपैकी आधी कोणते धाडावयाचे याबाबत यंत्रायंत्रांत मतभेद पडतो. शिवाय सर्व जुने इंग्रजी मजकूर निरुपयोगी ठरतात. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका खाणावळीत केन थॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्यासमोर मेजावरच्या कागदी चटईवर नव्या संकेताची मांडणी लिहून काढली, आणि काही दिवसांतच समग्र 'प्लॅन नाइन' त्या संकेतावर आणली गेली. जानेवारी १९९३ मध्ये सॅन दिएगो येथील परिषदेत ती पद्धत विद्वानांसमोर मांडण्यात आली. तिलाच आज 'युटीएफ-८' म्हणतात.

या संकेतात इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. 'दौंड' या शब्दात द, औकाराची मात्रा, अनुस्वार आणि ड अशी चार चिन्हे आहेत. म्हणून तो १२ बाइटांचा होतो. 'शिरूर' १५ बाइटांचा, तर 'घोडनदी' आणि 'भीमथडी' हे दोन्ही १८ बाइटांचे. यांतील केवळ 'श' घेतला, तर त्याचे तीन बाइट दशमान पद्धतीत २२४, १६४ आणि १८२ असे येतात; आणि पहिला २२४ हा देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाच्या आरंभी येतो. बाइटांच्या प्रवाहात मध्येच कोठेही उतरले, तरी चिन्हाचा आरंभ कोठे आहे हे बाइटावरूनच ओळखता येते, हा या रचनेचा विशेष गुण होय.

भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये 'इस्की' हे प्रमाण प्रसिद्ध झाले होते, आणि पुण्याच्या 'सी-डॅक'ने आपल्या 'जिस्ट' तंत्राद्वारे त्याचा प्रसार केला. त्यात देवनागरीचे एक चिन्ह एका बाइटात मावे. तीनपट जागा घेणारी पद्धत मराठीने का पत्करावी, असा आक्षेप त्या काळात निघणे स्वाभाविक होते. परंतु 'इस्की'मध्ये देवनागरी, बंगाली, तमिळ इत्यादी लिप्यांना तेच बाइट सामाईक होते आणि लिपी बदलल्याची खूण वेगळी करावी लागे. ती खूण हरवली की मजकुराची लिपीही हरवे. युनिकोडने देवनागरीचा क्रम 'इस्की'च्याच आधारे लावला, पण प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर दिले. युटीएफ-८ ने त्या घराचा पत्ता सर्व यंत्रांना कळेल अशा रीतीने लिहिला. स्मरणशक्ती स्वस्त होत गेली आणि तीनपट जागेचा आक्षेप मागे पडला.

५. हौशी प्रयोगांचा काळ

'प्लॅन नाइन' १९९२ मध्ये विद्यापीठांना आणि १९९५ मध्ये विक्रीसाठी उपलब्ध झाली. परंतु तोवर १९९१ मध्ये निघालेली 'लिनक्स' विनामूल्य मिळत होती, आणि युनिक्सच्या उणिवांसह जगणे लोकांनी स्वीकारले होते. २००० साली तिसरी आवृत्ती सर्वांना मुक्तपणे घेता येऊ लागली. २००२ मध्ये चौथी निघाली. पुढे प्रयोगशाळेतील काम थंडावले. २०११ पासून हौशी कार्यकर्त्यांच्या एका गटाने 'नाइन-फ्रंट' या नावाने प्रणालीचे स्वतंत्र संवर्धन चालविले, आणि २०२१ मध्ये मूळ प्रणालीचे हक्क 'प्लॅन नाइन फाउंडेशन'कडे सोपविण्यात आले. 'रास्पबेरी पाय' या तळहाताएवढ्या स्वस्त संगणकावरही ती चालते.

हौशी माणसाचा पहिला प्रयोग बहुधा दोन यंत्रांचा असतो. एक जुने यंत्र फाइली सांभाळते, दुसरे त्यावरून सुरू होते. मग 'इम्पोर्ट' या आज्ञेने पहिल्या यंत्राचा जाळ्याचा वृक्ष दुसऱ्याच्या नामवृक्षात जोडावयाचा. असे केले की दुसऱ्या यंत्राला स्वतःचा इंटरनेट नसतानाही ते पहिल्याच्या इंटरनेटवरून बाहेर बोलू लागते. यासाठी वेगळा कार्यक्रम लिहावा लागत नाही. एक नाव दुसऱ्या जागी बसविले, एवढेच काम. त्याच रीतीने एका यंत्रावर अडकलेल्या प्रक्रियेची तपासणी दुसऱ्या यंत्रावरून करता येते. इतर प्रणालींत ज्याला ग्रंथभर सूचना लागतात, ते येथे दोन आज्ञांत उरकते, आणि हौशी मनुष्याला या प्रणालीची गोडी लागते ती या अनुभवाने.

तिच्या मर्यादाही या प्रयोगांतूनच उघड होतात. 'नाइन-पी'मध्ये विचारणा आणि उत्तर यांची ये-जा सतत चालते. दोन यंत्रे एकाच खोलीत असतील, तर ती जाणवत नाही. एक शिरूरला आणि दुसरे दौंडला असेल आणि मध्ये मंद जोडणी असेल, तर प्रत्येक विचारणेमागे उत्तराची वाट पाहावी लागते आणि सारे काम रेंगाळते. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यापासून दौंड हे जंक्शन आहे, तर शिरूरला रेल्वे नाही, म्हणून या दोन शेजारच्या तालुक्यांचे दळणवळणाचे अनुभव भिन्न आहेत. अंतर नकाशावर मोजावयाचे नसून पोचण्याच्या वेळाने मोजावयाचे असते, हे दोन्हीकडील लोक जाणतात. वितरित प्रणालीच्या रचनाकाराला हाच धडा शिकावा लागला.

६. न पुसणारी वही

'प्लॅन नाइन'च्या फाइल-यंत्राचा आणखी एक विशेष उल्लेखनीय आहे. मूळ प्रयोगशाळेत दररोज साऱ्या फाइलींची स्थिती एकदाच लिहिता येणाऱ्या प्रकाशीय तबकड्यांवर उतरविली जाई. पुढे २००२ मध्ये 'व्हेन्टी' या साठवणपद्धतीने तेच कार्य चुंबकीय डिस्कांवर आणले. तारीख सांगितली की त्या दिवशीच्या फाइली जशाच्या तशा समोर येतात. एकदा लिहिलेले पुसता येत नाही.

नोंद कोणाच्या हाती असावी, या प्रश्नाचे गांभीर्य या प्रदेशाला नवे नाही. १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. शिरूर तालुकाही त्यातून सुटला नाही. सावकारांच्या घरांतील कर्जरोखे आणि खतपत्रे हस्तगत करून नष्ट करणे, हा त्या उठावाचा मुख्य रोख होता. रोखा एकाच्याच घरी होता, तो लिहिणारा तोच आणि वाचून दाखविणारा तोच. ऋणकोच्या हाती काही नव्हते. १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने दस्तऐवज ग्राम-निबंधकासमोर लिहिले जावेत आणि ऋणकोला पावती व हिशेब मिळावा, अशी तरतूद केली. म्हणजे नोंदीची प्रत एकाहून अधिक हाती गेली. न पुसणारी वही एकाच्या ताब्यात असेल, तर तिचे न पुसणे हेच संकट ठरते. तिच्या प्रती संबंधितांत वाटलेल्या असतील, तर तेच तिचे सामर्थ्य होते. वितरित प्रणालीचे मूल्यमापन करताना यंत्रे किती जोडली यापेक्षा नोंदीवरचा अधिकार किती वाटला गेला, हे पाहणे म्हणूनच अधिक महत्त्वाचे आहे.

७. मराठीपुढील प्रश्न

या इतिहासात मराठीच्या दृष्टीने एक विसंगती आहे. 'प्लॅन नाइन' मराठी मजकूर निर्दोष साठविते, एका यंत्रावरून दुसऱ्यावर निर्दोष नेते. परंतु तो निर्दोष दाखवीत नाही. तिच्या मूळ चित्रण-व्यवस्थेत प्रत्येक चिन्ह डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने साठविले त्याच क्रमाने, सुटे सुटे उमटते. 'शिरूर' या शब्दात साठवणीच्या क्रमाने आधी श आणि मग ऱ्हस्व इकार येतो. वाचकाला मात्र इकार आधी दिसावा लागतो. हा पुनर्क्रम, जोडाक्षरांची घडण आणि रफार वर चढविणे यांचे नियम तेथे नाहीत. लिपी ही चिन्हांची केवळ रांग आहे, हे रोमन लिपीपुरते खरे असलेले गृहीतक या ठिकाणी उघडे पडते.

मराठीला तर हिंदीहून एक नियम अधिक हवा. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांत अर्थाचा भेद आहे. पहिल्यात गुरू आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हा भेद रफार आणि आडवा र यांवर अवलंबून आहे. न्हावरे गावाचे नाव 'न्हावऱ्याला' असे चालविले की त्यातही हाच आडवा र येतो. युनिकोडमध्ये तो लिहिण्याची सोय आहे. ती पडद्यावर उतरविण्याचे नियम मात्र प्रत्येक प्रणालीत कोणीतरी बसवावे लागतात. त्याचप्रमाणे 'ॲ' हे मराठीतील रूढ अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. ते दाखविणारा फाँट नसेल, तर त्या जागी रिकामा चौकोन उरतो.

मोठ्या कंपन्यांच्या प्रणालींत ही कामे झालेली आहेत, म्हणून हौशी प्रणालीची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु त्या प्रणालींची अंतर्रचना इतकी अवाढव्य आहे, की एका विद्यार्थ्याने ती संपूर्ण वाचणे अशक्यप्राय झाले आहे. 'प्लॅन नाइन' लहान आहे. तिचा मूळ मजकूर एका जिज्ञासू विद्यार्थ्याला वाचून समजून घेता येतो. देवनागरीचे लेखननियम नेमके किती, त्यांचा क्रम कोणता आणि अपवाद कोणते, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने स्वतः लिहून, स्वतः चालवून पाहावे, यासाठी याहून योग्य पाटी मिळणे कठीण.

८. उपसंहार

यशाचे माप विक्रीत घेतले, तर 'प्लॅन नाइन' अयशस्वी ठरते. पण तिचा लिपिसंकेत आज जगभरच्या इंटरनेटवर चालतो. तिच्या स्वतंत्र नामवृक्षांच्या कल्पनेतून लिनक्समध्ये तशीच सोय आली आणि आजच्या 'कंटेनर' तंत्राचा ती एक आधार झाली. २००५ पासून 'नाइन-पी' लिनक्समध्येही समाविष्ट आहे. पाइक आणि थॉम्प्सन यांनी रॉबर्ट ग्रीझमर यांच्यासह निर्माण करून २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'गो' या भाषेची आरंभीची साधने 'प्लॅन नाइन'च्या साधनांवरूनच घेतलेली होती. भाषेत जसे एखादी बोली लोपते आणि तिचे शब्द प्रमाणभाषेत राहतात, तसेच हे घडले. हौशी अभ्यासक अशा बोलीचे उरलेले भाषक असतात. त्यांच्यामुळे ती केवळ शब्दकोशात न राहता बोलली जाते, आणि बोलली जाते तोवरच तिच्यातील उणीव दाखविता येते व भरूनही काढता येते. देवनागरीच्या चित्रणाची उणीव भरून काढण्याचे काम मराठी जाणणाऱ्यांखेरीज कोणाकडून व्हावे अशी अपेक्षा करता येणार नाही. त्यासाठी दोन जुनी यंत्रे, एक तार आणि लिपीच्या नियमांचे चोख ज्ञान एवढे भांडवल पुरेसे आहे; आणि ते शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही.